एका बैलाचा चारा

बैल अंगणात शिरला तेव्हा बासिलिया लसूणघासाच्या पेंढ्या मोजत होती. एकशे चाळीसपर्यंत आली होती आणि फाटकातून आवाज आला, "कोमाद्रे! बघ, आणला!" झालं, आकडा विसरली. वळून बघते तर सिन्फोरोसो हातात दोर धरून उभा, आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला एवढं थोरलं काळं धूड. धुडाने आल्या आल्या मान खाली घातली आणि मोजून ठेवलेल्या पेंढ्यांतली एक ओढून चावायला सुरुवात केली.

"कोंपाद्रे," बासिलिया म्हणाली, "सण चोवीस जूनला आहे. आज दोन आहे."

"हो, हो. म्हटलं आयत्या वेळी धावपळ नको."

"तेवीसला संध्याकाळी आणायचा असतो. शिंगांना फिती बांधून, ढोल वाजवत."

"फिती आहेत ना! फिती तेव्हा बांधू," सिन्फोरोसो म्हणाला. बासिलियाच्या थोरल्या मुलीचा तो धर्मपिता. या नात्यात माणसं एकमेकांना कोमाद्रे-कोंपाद्रे म्हणतात आणि कधी तोंडावर दुखवत नाहीत, आणि नेमका याचाच तो फायदा घेतोय असं बासिलियाला वाटलं. दोर त्याने मेलितोनच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, हातात दिला. मेलितोनने तो घेतलाही! वर हसून म्हणाला, "केवढा उपकार, कोंपाद्रे!"

बासिलियाने डोक्याला हात लावला.

आता हे सगळं सुरू कुठून झालं ते सांगायला हवं. यंदा सान हुआनच्या सणाची मानकरी बासिलिया होती. मानकरी म्हणजे सगळ्या गावाचं जेवण तिच्या माथी. एकटीने ते कुणालाच झेपत नाही, म्हणून फेब्रुवारीतच पाव आणि उसाची दारू घेऊन दारोदार जायचं. ज्याने पावाचा घास घेतला आणि पेला रिकामा केला, तो बांधला गेला. मग कुणी कोंबड्या देतो, कुणी मेंढी, कुणी चीज. सिन्फोरोसोने दोन पेले रिकामे केले आणि छातीवर हात मारून बैल कबूल केला. त्या दिवशी बासिलियाला आनंदाने रडू आलं होतं. आता तोच बैल तिच्या पेंढ्या खात होता आणि रडू दुसऱ्याच कारणाने येत होतं.

ताटं एकशे वीस होती. ताट म्हणजे आपलं नेहमीचं थंड ताट: कोंबडी, खारवून वाळवलेलं मांस, चीज, भाजका मका, समुद्रातलं शेवाळ, माशाची अंडी, वर लाल मिरचीची फोड. आणि अर्धी भाजलेली कुई. बाकी काही कमी पडलं तर लोक एकवेळ गिळून घेतात, पण कुईशिवाय ताट समोर आलं तर नातवंडांना सांगतात. शहरातली माणसं या जनावराला गिनीपिग म्हणतात आणि पिंजऱ्यात पाळतात. बासिलियाच्या स्वयंपाकघरात जमिनीवर बहात्तर कुई मोकळ्या फिरत होत्या. त्यांतल्या साठ एकशे वीस ताटांसाठी आणि बारा आया, ज्यांच्यावर पुढचं सगळं वर्ष चालायचं.

बहात्तर कुईंना रोज दहा पेंढ्या लागत. शेताच्या तुकड्यात चारशे वीस पेंढ्यांचा घास उभा होता. इथली थंडी जून-जुलैची, पण यंदा मे महिन्यातच कडाक्याचं हिव पडलं आणि गावातला घास काळा पडला. बासिलियाचा तेवढा वाचला, कारण तिच्या तुकड्याखालून कोमट झरा झिरपतो. पण वाचला म्हणजे उभा राहिला एवढंच. ऑगस्टपर्यंत आता नवीन पात फुटायची नाही. सणापर्यंतचे बावीस दिवस निघाले असते आणि बारा आयांना पुढे ऊब येईपर्यंत पुरून उरला असता.

निघाले असते! पण आधीच्या आठवड्यात गावातली एव्हारिस्ता चार मेंढ्या घेऊन आली. "लवकर आणल्या, डोळ्यांसमोर असल्या की तुझा जीव भांड्यात पडेल," असं म्हणाली. मग तीन घरांतून मिळून अठ्ठावीस कुई आल्या, टोपलीत घालून, वर रुमाल टाकून. आणि आज हा बैल. त्याचं नाव सार्जेंट.

"नाही म्हणायचं होतंस," सिन्फोरोसो गेल्यावर बासिलिया नवऱ्यावर उखडली.

"तोंडावर नाही कसं म्हणायचं?" मेलितोन म्हणाला. "देणारा देतोय."

"देतोय? चौदा पेंढ्या खाईल हा रोज! चौदा! शंभर कुई जेवढं खातात तेवढं हा एकटा खातो!"

"पण मांसही तेवढंच देईल की."

"अरे, खाल्लेलं सगळं मांस होतं का? मग तू एव्हाना चर्चच्या मनोऱ्याएवढा व्हायला हवा होतास."

चुलीपाशी बसलेल्या सासूबाई, आसुंता, मक्याचे दाणे सोलता सोलता म्हणाल्या, "आम्ही मानकरी होतो तेव्हा तीन बैल दारात होते, सूनबाई. कुणी अशी पेंढ्या मोजत बसली नव्हती. खोऱ्यातल्या बाईला जनावर सांभाळता येतं."

हे आलंच. बासिलिया वरची, पुना नावाच्या उंच माळावरची. लामांचे कळप राखणाऱ्यांच्या वस्तीतून लग्न करून खाली आली त्याला एकवीस वर्षं झाली, तरी गावाला ती अजून "वरची"च. वरच्यांना वाढता येत नाही, वरच्यांचा हात आखडता, वरच्यांच्या ताटात हाडं जास्त. हा सण तिने त्यासाठीच अंगावर घेतला होता. एक ताट कमी पडलं असतं तर आणखी एकवीस वर्षं ऐकावं लागलं असतं, आणि तेवढं आयुष्य या बोलण्यांत घालवायची तिची अजिबात तयारी नव्हती.

तिने पुन्हा हिशेब मांडला. कुईंच्या चौदा, बैलाच्या चौदा, मेंढ्यांच्या सहा. रोज चौतीस. बारा दिवसांत शेत बोडकं, आणि सण बावीस दिवसांवर. जितकी देणगी जास्त तितकं जेवण कमी, असला उफराटा प्रकार तिने जन्मात पाहिला नव्हता.

तीन दिवसांनी सकाळची उन्हं आली तेव्हा मेलितोन बैलाच्या छातीभोवती दोरी गुंडाळून उभा होता. पहिल्या दिवशी मोजून त्याने दोरीला गाठ मारली होती. गाठ आजही तिथल्या तिथेच होती, तसूभरही सरकली नव्हती.

"बासी, बेचाळीस पेंढ्या गेल्या गं याच्या पोटात," तो भाबडेपणाने म्हणाला. "मग गेलं कुठं सगळं?"

"तुला बघायचंय कुठं गेलं?"

"कुठं?"

"त्याच्या नाकाकडे बघ."

सार्जेंट शांतपणे रवंथ करत होता. दर श्वासाबरोबर नाकपुड्यांतून वाफेचे दोन लोट निघत आणि गारठलेल्या अंगणात विरून जात. त्याच्या पाठीवरूनही वाफ निघत होती. खाली पायाशी शेणाचे ढीग होते, तेही वाफाळत होते.

"तो बघ चाललाय आपला घास," बासिलिया म्हणाली. "वर आमच्याकडे लहान पोरालाही हे कळतं. गारठ्यात जनावर आधी स्वतःला शेकतं. शेकून उरलं तर अंगावर चढतं. दहा भारे घाल, नऊ हवेत जातात. या असल्या थंडीत दहावाही जातो! मी सगळ्या गावाच्या जनावरांची शेकोटी पेटवून बसले आहे, मेलितोन, माझ्या कुईंच्या घासाची शेकोटी!"

आत जाऊन तिने कुईंपैकी एक पकडून ताणकाट्याला टांगली. आठ दिवसांपूर्वी होती तेवढीच. दुसरी टांगली, तीही तेवढीच. आधी पोटभर खाणारी कुई आता, पेंढ्या पुरवायच्या म्हणून, अर्धपोटी होती. ताटात पडेल तेव्हा अर्ध्या कुईत काय असणार, कातडं आणि दात? तिचा नुसता संताप संताप झाला.

"आज मी जाते," ती म्हणाली.

"कुठं?"

"पाव आणि दारू घेऊन. सिन्फोरोसोकडे."

"अगं, त्याने दिलाय बैल! एकाच घरी दोनदा पाव घेऊन कुणी जातं का?"

"आता जातं."

सासूबाईंनी कपाळावर क्रूस काढला. असलं काही गावात कधी झालं नव्हतं. दाराशी दोनदा पाव आणणं म्हणजे पहिलं देणं कमी पडलं म्हणून तोंडावर सांगणं. बासिलियाने शालीत पाव गुंडाळला, बाटली घेतली आणि रस्ताभर मनाशी वाक्यं जुळवत गेली. जनावर देतोस तर चाराही दे, कोंपाद्रे. देता येत नसेल तर बैल उद्या सकाळी कापते. ही दोन वाक्यं तिने सात-आठ वेळा घोकली.

सिन्फोरोसोच्या दारात कुणी नव्हतं. मागच्या बाजूला त्याची बायको विसेंतिना निवडुंगाची पानं विस्तवावर धरून त्यांचे काटे जाळत होती. शेजारी टोपलीत डोंगरावरचं पिवळं राठ गवत होतं, ज्याने लोक छप्पर शाकारतात ते. गोठ्यात त्यांची एकुलती गाय उभी होती. बरगड्या लांबूनही मोजता येत होत्या. तिच्या पोटाशी वासरू लुचत होतं, धक्के देत होतं, आणि बहुधा काहीच येत नव्हतं.

विसेंतिनाने मान वर केली. पाव बघितला आणि तिचा चेहरा उतरला.

"तुला कळलं तर," ती म्हणाली.

"काय कळलं?" बासिलियाने विचारलं, आणि विचारता विचारताच तिला कळलं. आवारात चाऱ्याची काडी नव्हती; निवडुंग आणि छपराचं गवत गायीसाठीच होतं. कडब्याची जागा झाडून काढलेली. शेताकडे बघितलं तर घास जळलेल्या घोंगडीसारखा जमिनीला चिकटलेला.

सिन्फोरोसो घरातून बाहेर आला. टोपी हातात घेऊन उभा राहिला. "बैल ठेवला असता तर गाय गेली असती," तो खाली बघत म्हणाला. "दोन्ही पोसणं होत नव्हतं. तुझ्याकडे झरा आहे, कोमाद्रे. म्हटलं, तसाही बैल तुलाच द्यायचाय, थोडे दिवस आधी..."

"थोडे दिवस आधी माझ्या घासावर चरू दे."

"हो," तो म्हणाला.

"आणि एव्हारिस्ताच्या मेंढ्या?"

"तिचाही घास गेलाय. सगळ्यांचाच गेलाय."

जुळवून आणलेली वाक्यं बासिलियाच्या तोंडात तशीच राहिली. रागावायला आली होती, आणि समोर ही बरगड्यांची गाय. शिव्या द्याव्यात तर कुणाला, हिवाला? तिला सगळ्याचा इतका वीट आला की ती तिथंच चुलीजवळच्या दगडावर बसली, पाव मोडला, एक तुकडा विसेंतिनाला दिला, एक सिन्फोरोसोला, एक स्वतः खाल्ला.

"खा," ती म्हणाली. "पावाशिवाय बोलता येणार नाही. आता ऐक. सार्जेंट उद्या कापायचा."

"उद्या? फितींशिवाय?" सिन्फोरोसो दचकलाच. "कोमाद्रे, तो तेवीसला वेशीतून आत यायचाय! लोक बघायला हवेत. माझ्या बापाने दिलेला बैल वेशीतून आला होता, आज्याने दिलेला..."

"तुझ्या आज्याच्या बैलाने माझा घास खाल्ला नव्हता! तेवीसपर्यंत थांबले तर तुझा बैल येईल वेशीतून, पण कुई एकही येणार नाही. उद्या कापला की मांस खारवून छपरावर टाकते. रात्रीचं हिव, दिवसाचं ऊन, अठरा दिवस. ते माझ्यावर सोड, ते आम्हा वरच्या लोकांना येतं. वाळलेलं मांस काही मागत नाही. आणि त्याच्या चौदा पेंढ्यांतल्या चार रोज तुझ्या गायीला. विसेंतिना सकाळी येऊन घेऊन जाईल."

विसेंतिना रडायला लागली. सिन्फोरोसो मात्र मख्ख उभा होता, हातातली टोपी गोल गोल फिरवत. शेवटी पडेल आवाजात म्हणाला, "फिती तरी बांधू का?"

बासिलियाने वर आभाळाकडे बघितलं. "बांध बाबा, बांध!"

म्हणून दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, ना सण ना सुट्टी, सार्जेंट मिरवत निघाला. शिंगांना लाल-हिरव्या फिती. पुढे सिन्फोरोसो लग्नातला कोट घालून, मागे मेलितोन फुटका ढोल बडवत. ढोल त्याला वाजवता येत नव्हता. बासिलियाच्या फाटकापासून वेशीपर्यंत आणि वेशीपासून परत, बाया दारांत उभ्या राहून तोंडावर शाल धरून हसत होत्या, आणि एव्हारिस्ता मोठ्याने विचारत होती, "कॅलेंडर वाचता येत नाही का वरच्या लोकांना?" बासिलिया मीठ कुटत होती. प्रत्येक ठोक्याबरोबर ती कुणाच्या ना कुणाच्या नावाने पुटपुटत होती, आणि त्यात नवराही सुटला नाही.

बैल कापून सोलल्यावर सिन्फोरोसो मांसाच्या ढिगाकडे बघत राहिला. अर्ध्याहून जास्त कातडं, हाडं आणि आतडी. "एवढंच?" तो म्हणाला.

"एवढंच," बासिलिया म्हणाली. "चार वर्षांचं गवत आहे ते."

मेंढ्यांचाही निकाल त्याच दिवशी लागला. एव्हारिस्ताला विचारलं नाही. विचारायचा पेशन्सच उरला नव्हता. पुढचे अठरा दिवस बासिलिया रोज छपरावर चढून मांस उलटत होती आणि खाली कुईंना पेंढ्या, बटाट्याच्या साली, मक्याची पानं मोजून घालत होती. रोज सकाळी विसेंतिना येऊन चार पेंढ्या न्यायची आणि लोट्यातून थोडं दूध ठेवायची. बासिलियाने नको म्हटलं तरी ठेवायची. कुईंच्या पाठी हळूहळू भरल्या. घास सणाच्या आदल्या दिवशी संपला. बारा आयांना पुढे काय घालणार, हे तिने मेलितोनला विचारू दिलं नाही.

चोवीस तारखेला एकशे वीस ताटं लागली. अर्धी अर्धी कुई प्रत्येकात, पाठ फुगलेली, कातडी कुरकुरीत. बासिलिया शेवटच्या ताटापाशी गेली, मोजलं, परत मोजलं. एकही कमी नव्हतं. तिला बसावंसं वाटलं, पण मानकरी सगळ्यांच्या शेवटी जेवते, म्हणून उभी राहिली.

एव्हारिस्ताने मांसाची पट्टी उचलून उजेडात धरली. "बैल यायचा होता ना वेशीतून?" तिने सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं विचारलं. "चार दिवस चारा घातला आणि हात आखडला. माझ्या मेंढ्यांचीसुद्धा हीच गत. वरच्या माणसांना जिवंत देणगी ठेववत नाही, त्यात आपला काय दोष?"

दोन-चार जण हसले. सासूबाई ताटात बघत राहिल्या. बासिलियाच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. बोलावं तर सिन्फोरोसोची गाय उघडी पडते, न बोलावं तर आपलं नाव जातं.

सिन्फोरोसो उठला. तोच लग्नातला कोट होता.

"तो बैल मी देणगी म्हणून आणला नव्हता," तो म्हणाला. "म्हणजे कबूल केला होता, पण बावीस दिवस आधी आणला तो चरायला आणला होता. माझ्याकडे काडी नव्हती. माझी गाय मरत होती. आज ती जिवंत आहे ती हिच्या पेंढ्यांवर." एवढं बोलून तो बसला आणि ताटाकडे बघायला लागला.

मग टोपलीतून कुई आणणाऱ्यांपैकी एक म्हातारा घसा खाकरत म्हणाला, "माझ्या कुईसुद्धा... म्हणजे, आमच्याकडेही हिव पडलं होतं." त्याच्या शेजारची बाई म्हणाली, "आमच्याही." एव्हारिस्ताने मांसाची पट्टी खाली ठेवली. मग कुणाकडेही न बघता ती म्हणाली, "मेंढ्यांना चार दिवस उपास होता. म्हणून आणल्या."

बासिलियाचा बांध फुटला.

"मग हे आधी बोलायला काय झालं होतं?" ती ओरडली. आवाज चिरकला तरी थांबली नाही. "एकवीस वर्षं मला हात आखडता म्हणता, आणि पोटाला लागलं की माझ्याच दारात जनावरं बांधून जाता! गवत हवं होतं तर गवत मागायचं! गायीसाठी चार पेंढ्या मागितल्या असत्या तर चार दिल्या असत्या. त्या चार द्यायच्या सोडून चौदा चौदा मी बैलाला घातल्या, आणि त्याने त्या नाकातून हवेत सोडल्या! तुमच्या लाजेपायी माझा घास जळाला. बैलाच्या पोटातून कशाला मागता रे? तोंडं नाहीत तुम्हाला?"

सगळं गाव माना खाली घालून बसलं होतं, आणि ती ओल्या डोळ्यांनी त्यांच्यासमोर उभी होती.

सासूबाई उठल्या. एकशे एकविसावं ताट, मानकरणीचं, त्यांनी आतून आणलं आणि बासिलियाच्या हातात दिलं. "बस," त्या म्हणाल्या. "खा आधी."

बासिलिया बसली. रडू थांबत नव्हतं आणि रागही जात नव्हता, पण सकाळपासून पोटात काही नव्हतं, म्हणून तिने कुईचा पाय मोडला आणि खायला लागली. दोन घास झाले असतील नसतील, तोच एव्हारिस्ता येऊन तिच्या समोर उकिडवी बसली.

"बासिलिया," ती हळू आवाजात म्हणाली, "माझ्याकडे थोडी बार्ली शिल्लक आहे. भुसा धरून. तुझ्या त्या बारा आयांना चालेल का?"

"चालेल," बासिलिया तोंडात घास असतानाच म्हणाली. "उद्या आण. आणि एव्हारिस्ता, नुसती बार्लीच आण."